'साठा' हा शब्द आधी खोडा : शेल वायू शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

पुण्यात स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणारे आणि भूगोल-पर्यावरणाच्या नोट्स लिहिणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

स. न. वि. वि.

अप्पा बळवंत चौकातून कुठल्याही चार नोट्स उचलल्या, तरी शेल वायूवरचा परिच्छेद साधारण एकच निघतो. शेल खडकाच्या पोकळ्यांत वायू साठलेला असतो, पाण्याच्या माऱ्याने खडक फोडून तो बाहेर काढतात, आणि भारतात त्याचा ९६ ट्रिलियन घनफूट साठा आहे. मुलं हे पाठ करतात, मुख्य परीक्षेच्या उत्तरात 'ऊर्जा स्वयंपूर्णता' हे शब्द जोडतात आणि मोकळी होतात. पहिल्या दोन वाक्यांतल्या चुका समजुतीच्या आहेत, त्या दुरुस्त होतील. तिसऱ्या वाक्यातला 'साठा' मात्र सगळं गणितच बिघडवतो. हे पत्र मुख्यतः त्या एका शब्दाबद्दल आहे.

९६ हा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ च्या जागतिक अहवालात खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या चार खोऱ्यांसाठी तो दिला. घनमीटरमध्ये तो होतो सुमारे २.७ लाख कोटी. देशाचा वर्षाचा वापर ६० ते ७० अब्ज घनमीटर धरला तर चाळीस वर्षांची बेगमी झाली, असा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला जातो. पण त्याच अहवालात भारतासाठी दुसराही एक आकडा आहे, ५८४ ट्रिलियन घनफूट. तो जमिनीखाली असलेल्या वायूचा अंदाज. त्यातला जो भाग आजच्या तंत्राने वर काढता येईल असं वाटतं, तो ९६. काढायला किती खर्च येईल, बाजारात तो भाव मिळेल का, याचा विचार ९६ मध्येही नाही. विहिरी घेऊन, उत्पादन मोजून, आजच्या किमतीत परवडतो असं सिद्ध झालेला वायू म्हणजे खरा साठा. भारतात शेल वायूचं व्यापारी उत्पादनच सुरू झालेलं नाही, त्यामुळे हा तिसरा रकाना जवळजवळ कोरा आहे.

अंदाज किती सैल असतो तेही पाहा. अमेरिकेच्याच भूशास्त्रीय सर्वेक्षणाने भारतातल्या तीन प्रांतांचा अभ्यास केला होता. मुंबई प्रांत (यातच खंबात येतं), कावेरी आणि कृष्णा-गोदावरी. त्यांचा काढता येण्याजोग्या वायूचा सरासरी अंदाज ६.१ ट्रिलियन घनफूट होता. दामोदर त्यात नाही हे खरं, पण त्याने सोळापटीची दरी भरून निघत नाही. एकाच देशाच्या दोन सरकारी संस्था इतक्या लांबवर उभ्या असतील, तर त्यातला एक आकडा उचलून 'साठा' म्हणून छापणं धाडसाचं आहे.

एवढी तफावत का पडते, याचं उत्तर खडकात आहे.

शेल म्हणजे शांत पाण्याच्या तळाशी बसलेला अतिबारीक गाळ, वर्षानुवर्षं दाबून पानापानांचा खडक झालेला. चिकणमातीचे त्यातले कण ४ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. सच्छिद्रता ४ ते १० टक्के भरते, म्हणजे छिद्रं आहेत, पण एकमेकांशी नीट जोडलेली नाहीत. पार्यता म्हणजे खडक वायू आरपार किती जाऊ देतो ते, ती डार्सी या एककात मोजतात. वायूच्या चांगल्या वालुकाश्मात पार्यता दहा-शंभर मिलिडार्सी असते. शेलमध्ये ती नॅनोडार्सीत मोजतात, म्हणजे लाखो पटींनी कमी. मातीच्या माठातून पाणी पाझरतं ना, त्या माठालाही हा खडक हसेल. वायूचा काही भाग या सूक्ष्म छिद्रांत मोकळा असतो आणि काही भाग सेंद्रिय पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. हा चिकटलेला वायू दाब बराच उतरल्यावरच सुटतो. नोट्समधल्या 'पोकळ्या' डोळ्यांपुढे गुहा उभी करतात. ती गुहा कुठेच नाही.

प्रत्येक काळा शेल वायू देत नाही. सेंद्रिय कार्बन वजनाने निदान २ टक्के लागतो. तो जमिनीतल्या उष्णतेने पुरेसा शिजलेला असावा लागतो. ही शिजणी व्हिट्रिनाइट या सेंद्रिय कणांच्या प्रकाश-परावर्तनावरून मोजतात. साधारण १.१ टक्क्याच्या आत असेल तर तेल, १.४ च्या वर कोरडा वायू, आणि ३ च्या पलीकडे गेलं की बहुतेक वेळा खेळ संपलेला. थराची जाडी तीसेक मीटर तरी हवी. आणि सगळ्यात दुर्लक्षिलेली अट म्हणजे खडक ठिसूळ हवा. सिलिका किंवा कार्बोनेट भरपूर असेल तर तो काचेसारखा तडकतो. चिकणमाती ४० टक्क्यांच्या वर गेली की तो ओल्या कणकेसारखा वागतो, भेग पडते आणि मिटते. टेक्ससमधल्या बार्नेट शेलचं नशीब फळफळलं त्यामागे त्यातलं क्वार्ट्झ आहे. तिथे मिचेल एनर्जीने १९८१ मध्ये पहिली विहीर घेतली आणि १९९७-९८ मध्ये खडक फोडायला महागड्या दाट जेलऐवजी जवळजवळ साधं पाणी वापरून पाहिलं, तेव्हा कुठे हिशेब जमला. सतरा वर्षं लागली, तीही एकाच खोऱ्यात आणि खाली काय आहे ते आधीच्या शेकडो विहिरींवरून ठाऊक असताना.

आपल्याकडे जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर इथे सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू वर आणला. त्या थराचं नाव 'बॅरन मेझर्स', म्हणजे वांझ थर. वर राणीगंजचा कोळसा, खाली बाराकरचा कोळसा आणि मध्ये हा बिनकोळशाचा, म्हणून खाणवाल्यांनी ठेवलेलं नाव. (वर्गात ही गोष्ट सांगा, थर आयुष्यभर लक्षात राहील.) पण दामोदरचं खोरं विभंगांनी (थर सरकवणाऱ्या तड्यांनी) चिरलेलं आहे, त्यात अग्निजन्य भित्ती घुसल्या आहेत, आणि दोन किलोमीटर सलग एकाच थरात आडवं ड्रिलिंग करायचं तर हीच मोठी अडचण. शिवाय त्याच भागात कोळशाच्या थरातला मिथेनही काढला जातो. त्याची विहीर वेगळी, त्यात आधी कोळशातलं पाणी उपसून दाब उतरवावा लागतो. नोट्समध्ये हे दोन्ही वायू हमखास एकाच चौकटीत कोंबलेले असतात. आणि 'ऑइल शेल' हा तिसराच प्राणी. तो अजून न शिजलेला खडक, त्यातून तेल हवं तर भट्टीत तापवावा लागतो.

आता ड्रिलिंगकडे येऊ, कारण 'पाण्याचा मारा करून खडक फोडतात' या वाक्यात निम्म्याहून अधिक काम गाळलं जातं.

एका पॅडवर, म्हणजे सपाट केलेल्या जागेवर, सहा-आठ विहिरी शेजारीशेजारी, पाच-सहा मीटरच्या अंतराने घेतात. प्रत्येकीत आधी रुंद कंडक्टर पाइप, मग गोड्या पाण्याच्या थरांच्या खालपर्यंत १३ ३/८ इंची सरफेस केसिंग (विहिरीला आतून बसवलेली पोलादी नळी). त्याच्या बाहेरच्या फटीत तळापासून जमिनीपर्यंत सिमेंट भरतात. गरजेप्रमाणे ९ ५/८ इंची मधलं केसिंग. मग विहीर वळवायची. वळणाचा दर ३० मीटरला १० अंश धरला तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे १७२ मीटर येते, म्हणून अपेक्षित थराच्या साधारण तेवढंच वर वळण सुरू करतात. बिटच्या (खडक कापणाऱ्या टोकाच्या) मागे मड मोटर असते, ती पाइपमधून सोडलेल्या मडने (ड्रिलिंगच्या घोळाने) फिरते. तिच्या आवरणाला दीड-दोन अंशांचा बाक दिलेला असतो. पाइप न फिरवता नुसती मोटर चालवली की विहीर बाकाच्या दिशेने वळते, पाइप फिरवला की सरळ जाते. पुण्यात साडेसहा इंची बोअर हवेच्या हॅमरने काळ्या दगडात सरळ ठोकत नेतात, ते डोळ्यांपुढे असेल तर फरक चटकन कळेल. तिथे वर येणारी भुकटी पाहून दगड ओळखतात. इथे बिटच्या मागचं उपकरण गॅमा किरणं मोजतं आणि मडमध्ये दाबाच्या लहरी सोडून आकडे वर पाठवतं. सेंद्रिय शेलमध्ये युरेनियम जास्त असतं, म्हणून गॅमा चढला की आपण चांगल्या पट्ट्यात आहोत, उतरला की वर किंवा खाली निसटलो. पट्टा अनेकदा पाच-दहा मीटरचाच असतो आणि त्यात दीड ते तीन किलोमीटर टिकून राहायचं असतं. दहा मीटरच्या झेपेचा एक विभंग आडवा आला की बिट भलत्याच खडकात, आणि तो चुकलेला तुकडा पुढे कायम कमी वायू देतो.

मड बहुतेक वेळा तेलाधारित वापरतात. पाण्याने चिकणमाती फुगते, विहिरीच्या भिंती ढासळतात आणि पाइप अडकतो.

सगळ्यात नाजूक काम सिमेंटचं आहे, आणि नोट्समध्ये त्याचा उल्लेखही नसतो. आडव्या भागात साडेपाच इंची केसिंग स्वतःच्या वजनाने खालच्या भिंतीला टेकतं. टेकलेल्या बाजूला फट अरुंद, तिथलं मड सिमेंटने ढकललं जात नाही आणि तशीच एक नाली राहून जाते. वरच्या बाजूला उलटा त्रास. सिमेंटच्या घोळात पाणी सुटं झालं तर ते वर तरंगतं आणि तिथे दुसरी नाली. म्हणून मध्यभागी धरणारे सेंट्रलायझर, मड आधी पातळ करून धुणं, घोळात सुटं पाणी शून्य ठेवणं, आणि शेवटी ध्वनिलहरींनी सिमेंटची पकड तपासणं. वायू गोड्या पाण्यात शिरल्याच्या तक्रारी नीट तपासल्या की बोट बहुतेक वेळा या फटींकडे जातं. फ्रॅकिंगची, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडताना पडणारी, भेग उभी शे-दोनशे मीटर, क्वचित अधिक वाढते. दोन किलोमीटर खोलवरून ती विहिरीच्या पाण्यापर्यंत येत नाही. 'फ्रॅकिंगमुळे भूजल दूषित' असं मुलांना लिहायला लावण्याऐवजी 'खराब सिमेंट, गळकं केसिंग आणि जमिनीवरची सांडलवंड यांमुळे' असं लिहायला लावा. पेपर तपासणाऱ्यालाही कळेल की पोराला काहीतरी समजलं आहे.

फ्रॅकिंग सुरू होतं तेव्हा ड्रिलिंगचा रिग निघून गेलेला असतो. दोन हजार मीटरचा आडवा भाग ६०-७० मीटरच्या तीसेक टप्प्यांत वाटतात आणि टोकाकडून सुरुवात करतात. एक टप्पा असा : तारेला प्लग आणि छिद्रक बंदुका बांधून सोडतात. उभ्या भागात त्या वजनाने उतरतात, आडव्या भागात पाण्याच्या रेट्याने ढकलाव्या लागतात. प्लग बसवला की मागचा टप्पा बंद. बंदुकांनी केसिंगला सुमारे १० मिलिमीटरची छिद्रं पाडतात. स्फोट म्हणाल तर एवढाच, खडक स्फोटाने फुटत नाही. तार बाहेर काढून १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, छिद्रांच्या तोंडाशी अडकलेलं सिमेंट आणि चुरा विरघळावा म्हणून. मग नुसतं पाणी, मिनिटाला १३ ते १६ हजार लिटर, ५०० ते ७०० बार दाबाने. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर या हिशेबात पाऊण मिनिटात रिकामा. त्यासाठी दोन-अडीच हजार अश्वशक्तीचे १५ ते २० पंप एकाच वेळी गरगरत असतात. भेग रुंदावली की वाळू सुरू, आधी बारीक, घनमीटरला ३० किलोपासून, मग हळूहळू २५०-३०० किलोपर्यंत. ही वाळू भेगेत अडकून राहते आणि दाब काढल्यावर भेग मिटू देत नाही. पाण्यात घर्षण कमी करणारं पॉलिअ‍ॅक्रिलमाइड हजार लिटरला अर्धा ते एक लिटर, शिवाय थोडं जंतुनाशक आणि क्षार जमू न देणारं रसायन.

पाणी पातळ असल्याने वाळू लगेच तळाशी बसू पाहते, म्हणून वेग राखणं भाग असतं. ऐन वेळी दोन पंप बंद पडले, किंवा वाळूचं प्रमाण घाईने वाढवलं, की भेगेच्या अरुंद तोंडाशी वाळू तुंबते. याला स्क्रीनआउट म्हणतात. दाब काही सेकंदांत उसळतो, पंप थांबवावे लागतात आणि सगळी आडवी नळी वाळूने भरलेली राहते. मग गुंडाळीच्या लवचिक नळीने ती धुऊन काढा, दिवस गेला.

खाली काय आहे हे चुकलं तर पैसे पाण्यात जातात, आणि बार्नेटमध्ये ते शब्दशः गेले. तिथे शेलच्या खाली एलेनबर्गर नावाचा खाऱ्या पाण्याने भरलेला चुनखडक आहे. खोऱ्याच्या मुख्य भागात दोघांच्या मध्ये व्हायोला चुनखडकाची टणक चादर आहे, भेग तिथे अडते. पश्चिमेकडे ही चादर संपते. तिकडे तेच तंत्र, तोच दाब वापरला की भेग खाली एलेनबर्गरमध्ये घुसते आणि विहिरीतून वायूऐवजी खारं पाणी येतं. एकाच खोऱ्यात, काही किलोमीटरच्या अंतरावर 'काढता येण्याजोगा' या शब्दाचा अर्थ असा बदलतो.

तीस टप्प्यांना मिळून तीन ते चार कोटी लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन-चार हजार टँकर, आणि काही हजार टन वाळू. पाण्याचा दहा ते चाळीस टक्के भाग परत येतो, तोही खारट होऊन. अमेरिकेतल्या मार्सेलस शेलच्या विहिरींचं पाणी समुद्राच्या पाच-सहापट खारट भरतं आणि त्यात रेडियमही सापडतं. ते खोल विहिरीत परत दाबून सोडणं हा अमेरिकेतला रुळलेला मार्ग. ओक्लाहोमात २०१६ मध्ये पॉनीला ५.८ क्षमतेचा भूकंप झाला तो अशा दाबलेल्या सांडपाण्याशी जोडला जातो. तिथलं बहुतेक सांडपाणी फ्रॅकिंगचं नव्हतं, तेलाबरोबर निघणारं खारं पाणी होतं, हेही सांगायला हवं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप शिकवताना धरणाच्या पाण्याचा दाब विभंगापर्यंत कसा पोचतो हे तुम्ही सांगताच. तीच यंत्रणा इथे, फरक पंपाचा. दोन धडे एकत्र घ्या.

आणि इतकं करून विहीर किती देते? पहिल्या वर्षातच उत्पादन ६० ते ८० टक्के घसरतं. लुइझियानाच्या हेन्सव्हिल शेलमध्ये दाब प्रचंड, सुरुवात धडाक्यात आणि घसरणही तशीच. चोक (विहिरीच्या तोंडावरची प्रवाह आवळणारी झडप) घाईने उघडला तर वाळू वायूबरोबर बाहेर येते आणि भेगा मिटतात, म्हणून तिथे तो मुद्दाम आवळून ठेवायला लागले. परंपरागत वायुक्षेत्रात सत्तर-ऐंशी टक्के वायू हाती लागतो, शेलमध्ये वीस-पंचवीस टक्के मिळाला तरी चांगला. म्हणजे उत्पादन टिकवायचं तर दरवर्षी नव्या विहिरी घ्यायच्याच. त्यासाठी रिग, पंप, वाळू, रस्ते आणि जवळची पाइपलाइन हे सगळं एका खोऱ्यात एकत्र लागतं. पोलंडचं उदाहरण मुलांना जरूर द्या. २०११ मध्ये त्याच अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाचा अंदाज १८७ ट्रिलियन घनफूट होता. २०१२ मध्ये पोलंडच्या स्वतःच्या भूशास्त्र संस्थेने तो ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटरवर, म्हणजे साधारण १२ ते २७ ट्रिलियन घनफुटांवर आणला. सत्तरच्या आसपास विहिरी झाल्या, शेल खोल आणि चिकणमातीचा निघाला, एक्सॉनसारख्या कंपन्या परत गेल्या. अंदाजाच्या कागदावर पोलंड श्रीमंत होता.

धोरणाचा भाग दोन ओळींचा आहे : ऑक्टोबर २०१३ मध्ये ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला त्यांच्या जुन्या क्षेत्रांत परवानगी, ऑगस्ट २०१८ मध्ये इतर करारधारकांनाही.

पुण्यातली मुलं हटकून विचारतात, 'सर, महाराष्ट्रात का नाही?' त्याला 'दख्खनचं पठार आहे म्हणून' एवढंच उत्तर देऊन पुढे जाऊ नका, कारण खंबातच्या खोऱ्याचा तळही दख्खनच्या बेसॉल्टचाच आहे. फरक असा, की तिथे लाव्हा थंडावल्यावर जमीन खचली आणि त्याच्यावर खंबात शेलचा गाळ बसला. आपल्याकडे वर काही बसलंच नाही, बेसॉल्ट उघडाच आहे. राहिला प्रश्न खालचा. कोयना परिसरात खोल ड्रिलिंग झालं, तेव्हा एका १,५२२ मीटरच्या विहिरीत ९३३ मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर विहीर घेतली, तिथे ३३८ मीटर बेसॉल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक, मग पुन्हा पाया. आठ मीटरच्या थरावर कोणी रिग उभा करत नाही.

पुढची आवृत्ती छापायला देताना जुना परिच्छेद काढून हा घालता येईल. आमची हरकत नाही, नावही नको :

'शेल हा अतिबारीक कणांचा, अत्यल्प पार्यतेचा गाळाचा खडक आहे. त्यातला वायू सूक्ष्म छिद्रांत व सेंद्रिय पदार्थाला चिकटलेला असतो. तो काढण्यासाठी थरात आडवी विहीर घेऊन, केसिंग व सिमेंट करून, टप्प्याटप्प्याने पाणी व वाळू उच्च दाबाने सोडतात. भारतासाठी तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोग्या वायूचे अंदाज ६.१ (तीन प्रांत) ते ९६ (चार खोरी) ट्रिलियन घनफूट असे आहेत. हे अंदाज आहेत, सिद्ध साठा नव्हे. व्यापारी उत्पादन सुरू झालेले नाही.'

सोबत आकृती असतेच. तिच्यात शेलच्या थरात निळा-पिवळा फुगा काढलेला असतो, तोही काढून टाकावा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुण्यातील काही भूशास्त्र आणि ड्रिलिंगवाले